आडनाव न विचारलेली माणसं

ओर्हेई गावातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून ओलेस्यानं पाच वर्षं नोकरी केली. सिनेमात पडद्यावर खाली ज्या ओळी येतात, त्या लिहायची. हे काम तिला शिकवलं ल्युप्कानं. ल्युप्का तिकडे मॅसेडोनियात, बितोलाला. दोघींची गाठ कंपनीच्या ग्रुपवर पडली आणि तिथेच राहिली. कॅमेरे सगळ्यांचे बंद, कानात नुसते आवाज.

"अगं बये, त्या नटाचं बोलणं अजून चाललंय आणि तुझी ओळ संपलीसुद्धा!" ल्युप्का ओरडायची.

तिसरा गेदास, लिथुआनियाचा. फार बोलायचा नाही. पण ओलेस्याचे वडील गेले, तेव्हा तिच्या वाटणीचं काम त्यानं कुणाला न सांगता उरकून टाकलं होतं.

सांदूशी तिचं लग्न ठरलं. आई, रायसा, सर्माल्यांसाठी, म्हणजे भात-खिमा भरून गुंडाळायला, द्राक्षाची पानं खारवायला बसली आणि म्हणाली, "तुझ्या त्या कानातल्या मैत्रिणीला धरू का गं जेवायला?"

"म्हणजे काय! गेदासलाही धर."

"मग कळव की त्यांना."

"कळवते गं. पत्रिका तर येऊ दे छापून."

पत्रिका आल्या. फोटो टाकायला तिनं ग्रुप उघडला, तर उघडेचना. कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी दोन ओळींत सगळ्यांचे आभार मानून कुलूप लावलं होतं.

"फोन लाव ना तिला," आई म्हणाली.

"नंबर नाहीये."

"आडनाव काय तिचं?"

"तेही नाही ठाऊक."

"पोरी, तिचं लेकरू कुठलं गाणं ऐकत झोपतं ते तुला ठाऊक, आणि आडनाव नाही ठाऊक?"

"कधी लागलंच नाही, आई. हाक मारली की ती असायचीच."

तिनं शोधलं. बितोलात ल्युप्का काय थोड्या! दिसेल तिला लिहिलं. एकीनं उत्तर धाडलं, 'सुखी राहा, पण मी दातांची डॉक्टर आहे.' गेदासचा तर मागमूसच नाही.

लग्नात दोन खुर्च्या तिनं रिकाम्या ठेवायला लावल्या होत्या. त्यांच्यावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग झाला. ती हसली, नाचली. नाचता नाचता मनात आलं, ल्युप्काही आपल्याला शोधत असेल. पण तिला तरी आपलं आडनाव कुठे माहीत होतं? आणि आता तर तेही बदललं.

पुढे दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. शिकवायला एक नवी मुलगी दिली, एव्हेलिना. पहिल्याच दिवशी ओलेस्यानं विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय गं? राहतेस कुठे?"



"कशाला हवंय, ताई? काम काय ते सांगा ना."

ओलेस्यानं काम सांगितलं. संध्याकाळी तिनं आपला नंबर, नवं-जुनं आडनाव आणि घरचा पत्ता त्या मुलीला पाठवला. एव्हेलिनानं ते पाहिल्याची खूण उमटली. उत्तर मात्र आलं नाही.