सासर भलतंच दूर

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या चँडलरमधले आमचे शेजारी, नागपूरचे काका, कॉलेजांच्या खेळांच्या लीगबद्दल लग्न जुळवल्यासारखं बोलतात. "आपल्या कॉलेजला पूर्वेकडच्या लीगचं स्थळ सांगून आलंय. टीव्हीचा पैसा भरपूर, घराणं मोठं. पण सासर भलतंच दूर आहे न बाप्पा!"

मी वरवर हसायचो. माझी मुलगी त्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे. लीग बदलली की मॅचसाठी सारखी विमानं. मग अभ्यास कधी करणार? काका तिच्यासमोर मात्र हा विषय चुकूनही काढत नसत.

काल ते बेल न वाजवताच आत शिरले. "मोडलं! कॉलेज आहे तिथंच राहतंय," म्हणाले आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

स्थळ मोडल्याचे पेढे मी आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ले.