ढेकणांसाठी मागवलेली गरमी

आमच्या नेरमध्ये बाहेरून गरमी मागवावी लागेल, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गल्लीने मलाच काढलं. होळीच्या आधी नागपूरहून एक गाडी आली आणि तिच्यातून मोठाले हीटर, पंखे, जाडजूड नळ्या उतरू लागल्या, तेव्हा समोरचे काका ओट्यावरून ओरडले, "अरे बाप्पा, दोन महिने दम धरला असता तं फुकटात भेटली असती!" सगळी गल्ली हसली. मला मात्र कोणाच्या तरी डोक्यात काहीतरी घालावंसं वाटत होतं.

घरात ढेकूण झाले की माणूस सगळ्यात आधी खोटं बोलायला शिकतो. हातावर काय झालं? पित्त उठलं. मानेवर? डास चावले. आई आणि मी वर्षभर असंच बोलत होतो. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाज उन्हात टाकून झाली, तिच्यावर उकळतं पाणी ओतून झालं, रॉकेल झालं, दुकानातली औषधं झाली. औषधाच्या वासाने आम्हीच खोकून बेजार, ढेकूण आपले सुखात.

दिवाळीला धाकटी बहीण आली. लग्नानंतरची पहिलीच दिवाळी, आणि तिला नुकतेच दिवस गेलेले. आई नुसती हवेत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपल्याकडे, यावर तिचं सगळं जग उभं होतं. पण बहीण महागावला सासरी परतली आणि तिच्या बॅगेच्या शिवणीतून ढेकूण निघाला. विहीणबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत, बोलल्याही गोडच. पण घर साफ होईपर्यंत सुनेला पाठवणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबांच्या माघारी या घरात काहीतरी चांगलं व्हावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेही एका किड्यापायी अडलं होतं. म्हणून मी ती गाडी बोलावली.

त्या लोकांची रीत सोपी होती. दारं-खिडक्या टेपने बंद करायच्या, कपाटं आणि पेट्या उघड्या टाकायच्या, गाद्या उभ्या करायच्या आणि घर आतून तापवत न्यायचं. फटीतला, भिंतीतला, लाकडातला प्रत्येक ढेकूण अंड्यांसकट मरेपर्यंत ते तसंच ठेवायचं. बाहेर न्यायचा तो फक्त गॅसचा सिलिंडर, औषधं आणि वितळणारं काही असेल तर ते. त्यांच्यातला मोठा माणूस सारखा बजावत होता, "बाकी सगळं अंदरच राहू द्या, आई. जे बाहेर गेलं, त्याच्यासोबत ढेकूणही बाहेर गेला समजा."

आईने विचारलं, "किती गरमी करता?"

"पन्नासच्या वरती नेतो."

"माणूस राहीन का तेवढ्यात?"

तो हसला. "माणूस कायचा राहते? मरून जाईल."

आई उठून आत गेली. का, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. बाबा आदल्या वर्षी मे महिन्यात गेले होते. घाटंजीला भर दुपारचं लग्न होतं. डोक्याला दुपट्टा बांधून, आईने दिलेला कांदा खिशात घालून गेले. परत आले ते अंग तव्यासारखं तापलेलं घेऊनच. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. संध्याकाळी संपले. आई कधीच 'ते वारले' म्हणत नाही. 'त्याइले उन्हानं नेलं' म्हणते.

त्या दिवशी ती आपल्या गोळ्या-औषधांची कापडी पिशवी घेऊन शेजारच्या ओट्यावर बसली. दिवसभर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. चहा आला तोही तिने एका हाताने घेतला. संध्याकाळी टेप काढून दारं उघडली, तेव्हा आतून भट्टीसारखा झोत आला. घर जरा निवल्यावर आईच सगळ्यांच्या आधी आत गेली.

चैत्रात बहीण आली. आईने तिचं अंथरूण दिवाणखान्यातल्या दिवाणावर घातलं, कारण तिथे कूलरची हवा चांगली लागते. रोज काहीतरी नवं रांधत होती, दुपटी शिवत होती, आणि मी कितीतरी दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं. मला वाटलं, सुटलो.

मे लागला आणि एका सकाळी बहिणीने हाक मारली. "दादा, इकडे ये जरा." तिच्या दंडावर ओळीने लाल गांधी उठल्या होत्या. दुसरी ओळ पोटावर होती.

मी गादी फाडली, दिवाण उलटा केला, कोपरे टॉर्चने धुंडाळले. काही नाही. मग दिवाणाच्या वर भिंतीवर लावलेला बाबांचा फोटो काढला. मागचा पुठ्ठा सोडवला. आत काळे ठिपके, पांढरी अंडी आणि वळवळ. एवढे ढेकूण मी कधी एका जागी पाहिले नव्हते.

"हे गरमीत मेले कसे नाहीत?" मी ओरडलो.

आई दारात उभी होती. "मी नेला होता बाहेर," ती म्हणाली. "औषधाच्या पिशवीत. त्याइले पुन्हा तेवढ्या गर्मीत कसं ठेवू रे? कसं ठेवू?"

मी पुठ्ठा पुन्हा दाबून बसवला आणि फोटो अंगणात नेऊन ठेवला. त्याच दिवशी जावई येऊन बहिणीला घेऊन गेले. जाताना ती आईच्या गळ्यात पडली, तर आईनेच तिला दूर केलं. "नको, माह्या अंगावर असंन एखादा." फ्रेम मी अंगणात जाळली. गाडी पुन्हा बोलावली. या वेळी आई रिकाम्या हाताने बाहेर पडली. समोरच्या काकांनी तिच्यासाठी ओट्यावर खुर्ची टाकली. त्यानंतर घरात एकही ढेकूण दिसलेला नाही.

मुलगा झाला. बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही महागावला गेलो, डिंकाचे लाडू आणि दुपटी घेऊन. विहीणबाई अंगणातच सामोऱ्या आल्या. "ताई, पिशव्या जरा उन्हात राहू द्या. राग नका मानू." त्यांनी आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, नवं लुगडंही ठेवलं होतं. आईने आंघोळ केली, लुगडं नेसली. मग विहीणबाईंनीच आग्रह केला, "आता घ्या बरं नातवाले."

आई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली, ती पुढे सरकेचना.

"आई, घे ना वं त्याले," बहीण म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नको. मले इथूनच दिसून राह्यला."

बाळाने जांभई दिली. दृष्ट काढताना बाळाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं मोडतात. आईने दारातूनच हवेत हात फिरवला आणि बोटं मोडली.