आहे, एवढं तरी सांगा

त्या मंगळवारी सकाळी मी लंडनमधल्या हॅरोच्या घरी ह्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत बसले होते, तेव्हा ईशाचा फोन आला. ईशा ही माझ्या मैत्रिणीची, नीलिमाची मुलगी. नॉटिंगहॅममध्येच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकवते. "मावशी, आई गेला," ती म्हणाली... मला क्षणभर काही कळेचना. ईशाचं मराठी असंच. लिंगांशी तिचं कधी जमलं नाही, आणि दर वेळी नीलिमा शेजारून, न चिडता, दुरुस्त करायची. त्या दिवशी शेजारून कुणीच काही बोललं नाही, आणि मग मला कळलं.

आता सहा आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते. नीलिमा काय करायची हे लोकांना सांगणं तसं कठीणच. ती डॉक्टर नव्हती, शास्त्रज्ञही नव्हती. कामगारांच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या एका सरकारी खात्यात ती माहिती अधिकारी होती, म्हणजे खात्याचे तांत्रिक अहवाल सांभाळणं, मागेल त्याला शोधून देणं. मी तेच काम इमारतींचं साहित्य तपासणाऱ्या दुसऱ्या सरकारी संस्थेत करायचे. वेगवेगळ्या खात्यांतल्या आमच्यासारख्यांची लंडनमध्ये एक बैठक झाली, तिथे माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पुण्याच्या का तुम्ही?" चहा संपेपर्यंत आम्ही 'अगं-तुगं'वर आलो होतो. ती आठवड्यातून तीन दिवस नॉटिंगहॅमहून ट्रेनने यायची. तिचा नवरा श्रीकांत तिथल्या हॉस्पिटलमध्ये छातीच्या विकारांचा डॉक्टर.

पुढची गोष्ट मी आजवर ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितलेली नाही. श्रीकांतकडे डॅनियल नावाचा एक पेशंट आला. वय पस्तिशीच्या आतलं, दोन मुलींचा बाप. स्वयंपाकघरांचे कृत्रिम दगडाचे ओटे कापायचं त्याचं काम. जिना चढताना दम लागतो म्हणून आला आणि पाहता पाहता अंथरुणाला खिळला. त्या दगडाच्या धुळीची कुणी नीट मोजदाद केली आहे का, हे श्रीकांतने नीलिमाला विचारलं. तिने स्वतःच्या खात्यातलं सगळं पालथं घातलं, मग एकेका संस्थेला फोन केले. मलाही केला.

तशी मोजदाद आमच्या प्रयोगशाळेने केली होती. पाणी न मारता दगड कापला तर धूळ किती आणि किती बारीक उडते, सगळं त्या अहवालात होतं. तो माझ्या पाठीमागच्या कपाटातच होता. पण त्यावर शेवटची सही व्हायची होती, आणि तोवर असा अहवाल आहे हेसुद्धा बाहेर बोलायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. मी नीलिमाला म्हटलं, "शोधलं गं. आमच्याकडे असं काही नाही." तिने माझे आभार मानले.

अहवाल बाहेर यायला आणखी आठ महिने गेले. तोवर डॅनियल गेला होता. एका दुपारी नीलिमा न कळवता माझ्या ऑफिसात आली. अहवालाची प्रत तिच्या हातात होती. ती कोट न काढताच बसली.

"मी फोन केला तेव्हा हे तुझ्याकडे होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "डॅनियलला वाचवता आलं नसतं, असं श्रीकांत म्हणतो. त्याची फुप्फुसं आधीच गेली होती. पण त्याच्या शेजारच्या टेबलांवरची माणसं अजून आठ महिने तसाच कोरडा दगड कापत होती, वसू."

एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझी मैत्रीण गेली, असंच मी धरून चालले होते. पण पुढच्या सोमवारी तिचा फोन आला, आणि आवाज नेहमीचा होता. सगळ्या खात्यांच्या अहवालांची एक सामायिक यादी करायची, असं तिने ठरवलं होतं, आणि तिला मी सोबत हवी होते. मीच का, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्यानंतरची तीन वर्षं आम्ही दोघी एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारात जात राहिलो. कुणाला वकिलांची भीती, कुणाला वर्तमानपत्रांची. एकाच धुळीला तीन खात्यांत तीन नावं. एकाने दुसऱ्याचं शोधायचं ठरवलं तरी सापडायचं नाही. नीलिमाने त्या नावांची जुळणी करण्यात अख्खे उन्हाळे घालवले. आणि प्रत्येक बैठकीत, कुणी फार आढेवेढे घ्यायला लागलं की ती एकच वाक्य म्हणायची: अहवाल नका देऊ, पण तो आहे, एवढं तरी सांगा. शेवटी तेच सगळ्यांनी मान्य केलं. मजकूर गोपनीय असला तरी चालेल, नाव आणि विषय यादीत यायलाच हवा. यादी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी तिने आधी त्या दगडाच्या धुळीचाच शोध घेतला. आमच्या संस्थेचा अहवाल सगळ्यात वर आला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

मार्चमध्ये ती लंडनला आली, तीच शेवटची भेट. स्टेशनातल्या कॅफेत बसलो. ती खूप बारीक दिसत होती, डोक्याला स्कार्फ होता. मी विचारलं तर म्हणाली, डाएट चाललंय, आणि थंडी सोसत नाही आताशा. ह्यांची नुकतीच बायपास झाली होती. तासभर मी त्याचंच सांगत राहिले, आणि ती ऐकत राहिली. निघताना तिने मला जरा जास्त वेळ धरून ठेवलं... माझी ट्रेन चुकेल म्हणून मीच हात सोडवून घेतले.

तेव्हा तिची तिसरी केमो झाली होती.

दिवसकार्य झाल्यावर मी नॉटिंगहॅमला गेले आणि श्रीकांतवर अक्षरशः तुटून पडले. दहा महिने तुम्ही तिघांनी माझ्यापासून लपवलंत, मी म्हटलं, मी कोण होते मग? तिनेच शपथ घातली होती, तो म्हणाला. वसूचा जीव आधीच टांगणीला लागलाय, तिच्यावर आता आणखी नको, असं म्हणाली. मग म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, अगं, जगाला तू काय सांगत आलीस? तर हसली. म्हणाली, एक तरी अहवाल माझा मला ठेवू दे."

मी रडले ते तेव्हा. फोन आला त्या दिवशीही मला रडू आलं नव्हतं.

संध्याकाळी ईशा म्हणाली, मावशी, किचनमध्ये थोडा हेल्प कर ना, आईचे लेबल्स मला वाचता येत नाही. फडताळ उघडलं. ओळीने डबे, प्रत्येकावर नीलिमाच्या गोल अक्षरातली मराठी चिठ्ठी. नुसतं नाव लिहून ती थांबली नव्हती. ओव्याच्या डब्यावर लिहिलं होतं, 'जिऱ्याशेजारी. पोटदुखीसाठी बडीशेपही पाहा'. मेथ्यांच्या डब्यावर, 'कसुरी मेथी वेगळी, ती खालच्या कप्प्यात'. मी वाचत गेले, ईशा इंग्रजीत लिहून घेत गेली. आमचं दोघींचं बरं चाललं होतं.

मागच्या कोपऱ्यात स्टीलचा एक डबा होता. उचलला तर हलका लागला. झाकण काढलं, तळाशी जेमतेम चमचाभर गोडा मसाला, मीच करून दिलेला. ईशाने वास घेतला आणि म्हणाली, हा आमच्या आमटीचा वास आहे. चिठ्ठीत काय लिहिलंय, तिने विचारलं.

मी वाचून दाखवायला लागले, पण मला पुरं वाचता येईना. चिठ्ठी अशी होती: 'गोडा मसाला. संपला की वसूला सांगायचं.'