बाळंतिणीचं शेवाळ

आखातातल्या वादी कबीरच्या त्या बिल्डिंगीत शहनाज म्हणजे बाळंतिणींची हक्काची बाई. मूळची दाभोळची, नवऱ्याचं, हुसैनमियाँचं, इथे गॅरेज. कुणी दवाखान्यातून घरी आलं की ही अळिवाची खीर घेऊन दारात हजर. बोलावण्याची वाट बघेल तर शपथ!

खालच्या मजल्यावरची सूजिन कोरियाची. नवरा लांब दुक्मला रिफायनरीच्या कामावर, आई मदतीला येणार होती तर नेमका तिचाच पाय मोडला. लेक पाच दिवसांची झाली तरी सूजिनला दूध उतरेना, आणि अन्न तर तिच्या घशाखाली जाईना. शहनाजची खीर तिने दोन चमचे खाल्ली, तीही भिडेखातर. शहनाज रुसली नाही. तुझी आई इथे असती तर तिने काय केलं असतं, एवढंच तिने विचारलं. सूजिनने आईचं पार्सल पुढे केलं. आत समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ, हातभर लांब पट्ट्या. सुक्या मासळीच्या पाण्यात केलेलं त्याचं सूप दिवसातून तीनदा, एकवीस दिवस प्यायचं.

आता दाभोळच्या बाईला सुकी मासळी कुणी शिकवायची? तिने बारीक मासळीची डोकी खुडली, ती कोरडीच भाजली, उकळून पाणी गाळून घेतलं. त्यात लसूण, तिळाचं तेल, सोया सॉस. फोडणीसाठी हात शिवशिवत होता, पण आवरला बिचारीने. सोबत वाफवून तिळाच्या तेलात कालवलेला पालक आणि मुळ्याच्या आंबट काचऱ्या. सगळं सूजिनने सांगितलं तस्सं. फक्त भिजून फुगलेलं शेवाळ तिने मेथीसारखं बारीक चिरलं. त्यात काय विचारायचं?

वाडगा बघून सूजिनने चमचा खाली ठेवला आणि ती रडू लागली. मग कसंबसं सांगितलं, बाळंतिणीचं शेवाळ कापत नाहीत. कापलं तर बाळाचं आयुष्य तुटतं, असं तिच्या घरी मानतात.

दुसरी एखादी फणकाऱ्याने निघून गेली असती. शहनाजने माफी मागितली, आणखी पट्ट्या भिजवल्या आणि बिर्याणीच्या टोपात अख्ख्याच सोडल्या. सूजिनच्या आईला व्हिडिओ कॉलवर घेऊन फोन बरणीला टेकवला. म्हातारी हाताने दाखवेल तसं ही तासभर ढवळत राहिली. मीठ घालायलासुद्धा तिची परवानगी घेतली. शिकावं तर असं!

त्या लांबच लांब पट्ट्या ओढत सूजिनने दोन वाडगे संपवले. दुसऱ्या दिवशीही तिन्ही वेळा प्यायली. तिसऱ्या सकाळी दूध उतरलं आणि लेकीने पोट भरेपर्यंत तोंड काढलं नाही.

आईला हे कळवायला सूजिनने फोन लावला, तर म्हातारीने विचारलं, त्या कापलेल्याचं काय केलंत? फ्रिजमध्ये आहे, टाकून देते, शहनाज ओशाळून म्हणाली. म्हातारी बराच वेळ बोलली. सूजिनने ते बिल्डिंगीत शिकलेल्या हिंदीत सांगितलं.

"आई म्हणते, ते तुम्ही खा, आपा. तुमची मुलं वाढली, त्यांना आता धोका नाही. तुमच्या बाळंतपणात तुम्हाला कुणी करून घातलं होतं?"

दोन्ही बाळंतपणांत आठव्या दिवशी शहनाज स्वतःच गॅसपाशी उभी होती. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने ते कापलेल्या शेवाळाचं सूप गरम केलं, सूजिनशेजारी बसली आणि ओढणीने डोळे पुसत वाडगा रिकामा केला.