वाठोरे सर आणि आमच्या गल्लीतला आड

वाठोरे सर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या धाकट्या भावानं, विलासनं, सरांचा फोटो टाकला होता. भोवती झेंडूची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याही खाली ‘आमच्या पेठेचे भूषण’. चहाची गाळणी हातात तशीच राहिली आणि मी तो शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले. इतके दिवस मी काही लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की दुःखापेक्षा राग वर यायचा.

किशन वाठोरे आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे, मी मराठी. लातूरचा नवा जिल्हा झाला त्याच वर्षी आम्ही दोघं रुजू झालो. आमचं घर जुन्या पेठेत होतं आणि ही पेठ म्हणजे पायी चालणाऱ्यांची. गोलाई, म्हणजे गावचा मुख्य बाजार, पाच मिनिटांवर; भाजी, कापड, वाचनालय, दवाखाना सगळं त्याच्याही अलीकडे; आणि कॉलेजचं फाटक सात मिनिटांवर. माझे वडील, अण्णा, आल्यागेल्याला सांगायचे, “आमच्या पेठंत सायकल ठिवायचं काम न्हाई. पोरगी घंटा ऐकून निघते आन् हजेरीच्या आत पोचते.” ते खरंच होतं. मला फक्त इतकंच कळत नव्हतं, की ते सगळ्यांसाठी खरं नाही.

सर हदगावकडचे. आईवडील मजुरी करणारे, बौद्ध. घराण्यात शिकलेले हे पहिले. लातुरात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून औसा रोडला, तेव्हाच्या गावाबाहेर, एका लांबच्या नातेवाइकाकडे उतरले होते. तिथून कॉलेज तासाभराची चाल. सकाळी साडेसातचा तास घ्यायला हा माणूस साडेसहाला निघायचा आणि धुळीनं भरलेली चप्पल स्टाफरूमच्या बाहेर झटकून आत यायचा. आमच्या माडीवरची खोली रिकामी होती. प्राचार्यांनी चिठ्ठी दिली आणि सर आमच्याकडे आले. अण्णांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग पुन्हा एकदा आडनाव विचारलं. मग म्हणाले, “खोली हाय वो सर, पण आमच्याकडं पाव्हणे येणार हायत. लई दिवस राहणारे पाव्हणे हायत.” मी दारात उभी होते. पाहुणे कोणतेही येणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक असावं. ते उठताना माझ्याकडे बघून नुसते हसले. आठवड्याभरात ती खोली कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाला दिली. नव्या जिल्ह्याला घरं कमी पडत होती आणि पेठ साहेबलोकांसाठी माड्या झाडून ठेवत होती... मी एम.ए. झालेली होते, वर्गात संतांचे अभंग शिकवत होते, आणि मी गप्प राहिले.

असे किती दरवाजे त्यांनी पाहिले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन वर्षं ते तासभर येत राहिले, तासभर जात राहिले. शेवटी आमच्याच गल्लीत, आमच्या घरापासून वीस पावलांवर, बांगड्या विकणाऱ्या बिस्मिल्लाबीनं त्यांना वरच्या दोन खोल्या दिल्या. तिनं आडनाव विचारलं नाही. तिची काळजी वेगळी होती. “किताबां कित्ते हैं सर? माळा कमजोर है,” असं ती म्हणाली. सरांनी निम्मी पुस्तकं कॉलेजच्या कपाटात ठेवली आणि निम्मी घेऊन राहायला आले. त्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सुजातावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाल्या. सर पहिल्यांदा सात मिनिटांत कॉलेजला पोचले तेव्हा स्टाफरूममध्ये घड्याळाकडे बघत म्हणाले, “मॅडम, आज मला काम नाही. तासाला अजून वेळ आहे.” मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, असं आज वाटतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. नळ दहा दिवसांनी यायचा, तोही करंगळीएवढा. गल्लीच्या मधोमध एक जुना आड होता, घडीव दगडानं बांधलेला, पण नळ आल्यापासून त्यात लोकांनी राडारोडा, फुटकी मडकी, जुनी कौलं असं काय काय टाकून तो बुजवत आणला होता. सरांनी पेठेतले असे आड चालून चालून शोधले होते. ते म्हणाले, हा आड उपसला तर पाणी लागेल, खालचा झरा जिवंत आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. सरांनी वर्गातली दहाबारा मुलं घेतली आणि सुट्टी लागताच कामाला लागले. तीन आठवडे. स्वतः दोर बांधून खाली उतरायचे, गाळाची पाटी भरायचे, मुलं वर ओढायची. वर यायचे तेव्हा फक्त डोळे ओळखू यायचे. आम्ही गल्लीतले लोक ओट्यावर बसून ते बघायचो. एकविसाव्या दिवशी खालून त्यांचा आवाज आला, “पाणी आलं.” तेवढंच. त्या आवाजावर बायका घरातून घागरी घेऊन धावल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन दिवस गढूळ पाणी उपसून टाकलं. तिसऱ्या दिवशी नितळ पाणी लागलं. अण्णांनी पुढाकार घेऊन पूजा केली, नारळ फोडला, पेढे वाटले, सरांनाही दिले. संध्याकाळी सर बादली घेऊन आले. कठड्यावर अण्णा आणि शेजारची दोन माणसं बसली होती. अण्णा गोड आवाजात म्हणाले, “सर, तुम्ही कशाला तसदी घेता? आमची पोरं भरून देतील की तुमची बादली.”

सरांना आधी कळलंच नाही. “तसदी कसली काका,” म्हणाले आणि पुढे आले. अण्णा जागचे हलले नाहीत. मग सरांना कळलं. आमच्या ओट्यावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते शांतपणे म्हणाले, “काका, तीन आठवडे मीच होतो ना खाली.”

“तवा गाळ होता, सर,” अण्णा म्हणाले. “आता पाणी हाय.”

हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे. मी त्यांच्या मांडीवर वाढले, त्यांनी मला शिकवलं, नोकरी करू दिली, त्याबद्दल कुणी मला सुनावू नये. पण हे वाक्यही त्यांचंच आहे, आणि त्यांची दुसरी कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी मला हे सांगावं लागतं.

सरांनी बादली आडात सोडली. अण्णांच्या खांद्यावरून हात नेऊन सोडली, भरली, ओढली आणि घरी गेले. कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लोहार आला आणि आडावर लोखंडी जाळी बसली. तिच्या दाराला कुलूप, चार घरांत चार किल्ल्या. एक आमच्याकडे. “लेकरं पडतील म्हणून,” असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. बिस्मिल्लाबीलाही किल्ली मिळाली नाही. ती भर गल्लीत कंबरेवर हात ठेवून जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. त्या उन्हाळ्यात सर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दोन हातांत दोन कॅन घेऊन कॉलेजच्या वसतिगृहावरून पाणी आणायचे. आमच्या घरासमोरून जायचे. मान खाली नसायची.

चौथ्या का पाचव्या दिवशी अण्णा बाजारात गेलेले पाहून मी किल्ली घेतली, घागर भरली आणि त्यांच्या दारात नेली. जिना चढताना मला मी फार धीट वाटत होते. सरांनी दार उघडलं, घागरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, पाणी नको. किल्ली द्या.”

किल्ली माझ्या पदराला बांधलेली होती. मी म्हणाले, “अण्णा...” आणि पदर मुठीत धरला. ते म्हणाले, “बरं, राहू द्या.” मी घागर तशीच परत आणली. येताना पाणी हिंदकळून माझी साडी भिजली, आणि मला रडू आलं ते स्वतःची कीव येऊन, त्यांची नव्हे.

यानंतर पंचवीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. अण्णा गेल्यावर मीच काढला, माफी मागितली. ते वही तपासत होते, मान वर न करता म्हणाले, “विसरलो असतो तर बरं झालं असतं मॅडम. पण भूगोलाचा माणूस. जागा लक्षात राहतात.” लोक त्यांना सांगायचे, नव्या वसाहतीत प्लॉट घ्या, बंगला बांधा, इथं काय ठेवलंय. सहकाऱ्यांनी घेतले, मीही घेतला. सरांनी बिस्मिल्लाबीच्या मुलाकडून त्याच दोन खोल्या विकत घेतल्या. “या सात मिनिटांसाठी मी दोन वर्षं चाललोय, आता सोडत नसतो,” असं म्हणाले. पुढे रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात ते दारोदार फिरले, आडाचं कुलूप काढा, खाली पाणी आहे, म्हणून. चार घरांपैकी दोघांच्या किल्ल्या हरवल्या होत्या आणि उरलेल्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. गल्ली टँकरच्या रांगेत भांडली, घागरींनी डोकी फोडायची तेवढी बाकी ठेवली, पण जाळी उघडली नाही.

सर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. पेठेच्या वतीनं विलास बोलला. सुरुवातीचं सगळं ठीक होतं. मग म्हणाला, “नवखा माणूस आमच्या गल्लीत आला. आमच्या वडिलांनी त्यांना खोली मिळवून दिली, पेठेनं लेकरासारखं सांभाळलं.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी उठले. मला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. मी जागेवरूनच म्हणाले, “विलास, हे खोटं आहे,” आणि खोलीचं, आडाचं, कुलपाचं, माझ्या घागरीचं, सगळं सांगितलं. माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. विलास खाली उतरला तो सरळ बाहेर गेला. जाताना म्हणाला, “मेलेल्या बापाला भर सभेत उभं केलंस ताई.” तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. न उचलो.

मला वाटलं होतं, वहिनी माझा हात धरतील. सभा संपल्यावर त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “आज बोललात. ते ऐकायला असते तर...” मग म्हणाल्या, “घरी चला. आज पहिली तारीख आहे.”

सरांच्या खोलीत पुस्तकांच्या मधोमध एक छोटं टेबल आहे. त्याच्या खणातून वहिनींनी एक जाड वही आणि सुतळीचं गुंडाळं काढलं. सुतळीला फुटाफुटावर गाठी, टोकाला शिशाचा तुकडा. मला काही माहीत नव्हतं. जाळी बसली त्या उन्हाळ्यापासून सर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आडावर जायचे आणि जाळीच्या भोकातून ही दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचे. वहीत तीसहून जास्त वर्षांच्या नोंदी होत्या. तारीख, फूट, आणि कधी कधी एखादा शब्द: ‘वळीव’, ‘बिस्मिल्लाबी गेली’, ‘टँकर आला नाही’. “बादली जात नाही, पण दोरी जाते,” वहिनी म्हणाल्या. “मागच्या महिन्याची नोंद राहिली. ते अंथरुणावर होते, त्यांचंच सगळं करायचं होतं.”

आम्ही खाली उतरलो. दुपार होती, ओट्यांवर माणसं होती. जाळी गंजून लाल झाली आहे, कुलपाचा नुसता गोळा उरला आहे. वहिनी गुडघ्यांवर बसल्या, शिसं भोकातून आत घातलं आणि एकेक गाठ सोडायला लागल्या. मी वाकून बघत होते. आत काही दिसत नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

“मॅडम, जरा बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले. दोरी वर आली तेव्हा शेवटच्या तीन गाठी ओल्या होत्या. वहिनींनी पदरानं बोटं पुसली, वही मांडीवर घेतली आणि सरांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात तारीख घातली.