पडद्यावरची चिकटपट्टी

विल्फ गॅरडला क्लबातली तुलना मान्य नव्हती. सफोकमधल्या त्या गावच्या हॉलमध्ये दर महिन्याला नाणेशोधक जमत, टेबलावर नाणं ठेवून वरून मेटल डिटेक्टर फिरवत आणि कोणाचा किती उंचावरून वाजला यावर बिअर संपेपर्यंत भांडत.

"नाणी टेबलावर उगवली असती तर मी चिखलात कशाला गेलो असतो?" विल्फ म्हणे. शिवाय टेबलाला खालून खिळे होते.

त्याची हयात रस्ते फोडण्यात गेली. हातात डांबर फोडणारं धडधडतं ब्रेकर यंत्र, पायाखाली रस्ता. सुटीच्या दिवशी मात्र मिसेस बॉरेटच्या शेतात. या भागात शेताची परवानगी तोंडी मिळते आणि तोंडीच जाते. खड्डा होता तसा बुजवायचा, फाटक लावायचं, सापडेल त्यात मालकिणीचा निम्मा वाटा, नाताळला व्हिस्कीची बाटली. एकाने शेत सोडलं की दुसरा टपलेलाच असतो, आणि गेलेलं शेत परत मागता येत नाही.

गेले काही हंगाम ते शेत काही देईना. खिळे निघत, नाल निघत, शिशाचे गोळे निघत. चांदी नाही.

"तुझं यंत्र म्हातारं झालं," नेव्हिल पास्क म्हणाला. क्लबात विल्फशी दर वेळी भांडणारा आणि दर वेळी त्याच्याच शेजारी बसणारा हा माणूस. "माझं नवीन घेऊन जा आठवडाभर. जपून हं, तुझ्या मोटारीपेक्षा महाग आहे ते."

विल्फने तुलना आपल्या पद्धतीने केली. जवाची कापणी झालेली, धसकटं उभी. त्याने दोऱ्या बांधून पट्टे आखले. आधी जुनं यंत्र फिरवलं. वाजेल तिथे काडी रोवली, खणलं नाही. मग त्याच पट्ट्यावर, त्याच चालीने नवीन यंत्र. दांड्याच्या टोकाची गोल थाळी दोन्ही वेळा जमिनीला लागून, प्रत्येक फेरी निम्मी आधीच्या फेरीवर चढवून. जुन्याला नुसता आवाज होता. नव्याला पडदाही होता आणि त्यावर कोणता धातू ते सांगणारा आकडा उमटे. हे बरोबरीचं नाही, म्हणून विल्फने पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोघांची परीक्षा एकाच कसोटीवर.

संध्याकाळी पाठ धरली, पण काम चोख झालं होतं. दोन्ही यंत्रांच्या काड्या जवळपास एकाच जागी. खणलं तर सगळं लोखंड.

घरी त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. एनिडने तो कमी केला. त्याने पुन्हा वाढवला.

"शेत संपलं," तो बायकोला म्हणाला. "उद्या बॉरेटबाईंना सांगून टाकतो. उगाच जागा अडवून बसायचं नाही."

एनिड काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नेव्हिल यंत्र न्यायला थेट शेतावर आला. विल्फने आधी हेडफोन त्याच्या हातात दिले.

"तुझं यंत्र आणि माझं, दोन्ही सारखीच. पैसे पाण्यात घातलेस. मी आता बाईंकडे चाललोय. शेत सोडतो म्हणून. तुला हवं असेल तर तुझं नाव सांगतो."

नेव्हिलचं या शेतावर कधीपासूनचं लक्ष होतं, आणि ते विल्फला ठाऊक होतं.

"असं एकदम?"

"बघ तूच." विल्फने नवं यंत्र घेऊन शेवटची म्हणून फेरी मारली. हेडफोन काढलेले, त्यामुळे यंत्र उघड्यावर बोलत होतं. खर्र. खर्र. "लोखंड. लोखंड. ऐकतोयस ना?"

थाळी एका जागेवरून गेली आणि यंत्राने बारीक, उंच किणकिण केली. विल्फ पुढे गेला.

नेव्हिल जागीच उभा राहिला. विल्फ पट्ट्याच्या टोकाशी पोचेपर्यंत तो बोलला नाही. मग ओरडला, "मागे ये, म्हाताऱ्या!"

"काय राहिलं?"

"इथे फिरव. पुन्हा. आता सांग, काय ऐकू आलं?"

"काय यायचंय? काही नाही."

"खण."

विल्फने कुदळीने चौकोनी ढेप कापली, एका बाजूने तशीच जोडलेली ठेवून उलटली. गारगोट्यांमध्ये एक पातळ चकती होती. सहा पेन्सचं चांदीचं नाणं, जुन्या काळी हातोड्याने ठोकून पाडत तसलं, जरासं वाकलेलं. राणीचा चेहरा झिजला होता, पण तिच्या कानामागचा गुलाब स्पष्ट होता.

"तू टाकलंस," विल्फ म्हणाला.

"मी? माझं एक पेनीचं नाणं पडलं तरी मी दोन दिवस शोधतो."

"मग वाजलं कसं नाही?"

नेव्हिलने पडद्यावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि नाणं जमिनीवर ठेवलं. "फिरव."

थाळी गेली. पडद्यावर चांदीचा मोठा आकडा उमटला. विल्फने थाळी मागे आणली. तोच आकडा. कानात वाऱ्याशिवाय काही नव्हतं. त्याने धसकटात खिळा टाकून पाहिला. खर्र आवाज नीट आला. पुन्हा नाणं. आकडा, आणि शांतता. कितीतरी वेळ तो हेच करत राहिला. नेव्हिलने घाई केली नाही.

"दोन यंत्रं तपासलीस," शेवटी तो म्हणाला. "कान तपासले नाहीस."

"ब्रेकर," विल्फ म्हणाला.

"असेल. खालचे सूर ठेवले, वरचे नेले."

नव्या यंत्रात सूर बदलता येत होते. नेव्हिलने बटणं दाबून चांदीला सर्वांत खालचा सूर दिला आणि लोखंडाला गप्प केलं. थाळी नाण्यावरून गेली तेव्हा यंत्र म्हशीसारखं हंबरलं.

"भिकार आवाज आहे," विल्फ म्हणाला.

"ऐकू आला ना?"

"आला." विल्फने नाणं उचललं. "तू गप्प बसला असतास तर शेत तुझं होतं."

"बसलो होतो. तू पट्ट्याच्या टोकाला जाईपर्यंत."

मिसेस बॉरेट स्वयंपाकघरात चहा करून वाट पाहत होत्या. विल्फने नाणं धुतलं नव्हतं. तसंच मातीसकट टेबलावर ठेवलं.

"शेताबद्दल बोलायचंय म्हणालात," त्या नेहमीसारख्या मोठ्याने म्हणाल्या.

"हो. याही हंगामात येईन. आणि चालत असेल तर या नेव्हिललाही बरोबर आणीन. हा खड्डे नीट बुजवतो. मी पाहिलंय."

"चालेल की." त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "मला वाटलं, शेत सोडताय."

"सोडणार होतो. मला ऐकू कमी येतं, बाई."

"म्हणजे?" मिसेस बॉरेट म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ओरडून बोलते, ती काय हौस म्हणून?"

नेव्हिलने चहात तोंड लपवलं.

पेरणीला अजून अवकाश होता. चहा संपवून विल्फ शेतात परतला. आखलेले पट्टे सगळे पुन्हा चालायला हवे होते, आणि त्याआधीच्या हंगामांत चाललेलेही. त्याने दोऱ्या सोडल्या आणि फाटकाजवळच्या पहिल्या पट्ट्यापासून पुन्हा बांधायला घेतल्या.