सुभाषभाऊचं रुईशी लग्न

मी चलथाणच्या किराणा दुकानात होते, तेवढ्यात फोन आला. काका आधी म्हणाले, "येताना हळद आण," आणि मग सांगितलं, सुभाष गेला. माझा सख्खा मोठा भाऊ तापानं गेला आणि या लोकांना हळदीची पडली होती! आमच्या गावाकडं, खानदेशात, बिनलग्नाचा पुरुष मेला तर जाळण्याआधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. "मला बायको नको" म्हणून ज्यानं जन्मभर शिव्या खाल्ल्या, त्याला मेल्यावर गाठलं.

भाऊ नवागामात कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा आणि अकोल्याकडच्या नामदेवबरोबर एका खोलीत राहायचा. दोघांचा संसार होता, मला ठाऊक होतं. रविवारी थेट भेस्तानहून त्यांच्यासारखी माणसं चहाला जमायची... भाऊनं त्यांना चढवलं, "लपून किती दिवस? भरदिवसा रस्त्यानं जाऊ." गेले, हातात हात घालून. पण कामगार गडी तसेच हिंडतात, कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही! भाऊ असा वैतागला की विचारू नका. पुढच्या रविवारी पुठ्ठ्यावर लिहून नेलं, आम्ही पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष. मग मात्र सगळ्यांना दिसलं. दगड बसले, शेठनं कामावरून काढलं, काकांनी घराचं दार बंद केलं. डोक्याला टाके पडले तरी भाऊ हसत होता, "आता तरी दिसलो का गं?"

मी त्यांच्या खोलीवर पोचले तेव्हा भाऊला बाशिंग बांधून झालं होतं. मी ओरडले, "अहो, जिवंतपणी नाही म्हणाला होता तो!" काका म्हणाले, "बाईमाणसानं मधी बोलू नये." नामदेवला त्याच्याच खोलीत कुणी शिरू देत नव्हतं, तो बाहेर गटारीपाशी उभा. मग रुईचं कन्यादान कोण करणार, यावर घोडं अडलं. घरचं माणूस चालत नाही. काकांनी नामदेवला हाक मारली.

"तू तं परका शेस. पोरीकडना तूच व्हय."

नामदेव आत आला. काय करणार बिचारा? एरवी त्याला भाऊला हातही लावू दिला नसता. त्यानं रुईची फांदी भाऊच्या हातात ठेवली आणि तो हात सोडेचना... काकांनी त्याला दंडाला धरून ओढलं.

परवा त्या खोलीवर गेले होते. भाऊचा सदरा अजून खुंटीला आहे. बाहेरून लूमवरचे गडी ओरडत गेले, "काय रे, सुभाषच्या सासऱ्या!" मी चप्पल घेऊन उठले, तर नामदेवनं मला खाली बसवलं.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "तेवढं एकच नातं लावलं लोकांनी माझं त्याच्याशी."